माहितीप्रकार, एएसएन.१ संकेतनातील

परस्परांहून भिन्न बांधणीच्या संगणकांमध्ये ज्या माहितीची देवघेव करावयाची तिचे स्वरूप निःसंदिग्धपणे सांगण्यासाठी एएसएन.१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण संकेतन वापरतात. ‘ॲब्स्ट्रॅक्ट सिंटॅक्स नोटेशन वन’ या इंग्रजी नावाचे हे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘अमूर्त वाक्यरचना संकेतन, क्रमांक एक’ असा होतो. मूळ लघुरूपात टिंब नव्हते. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘एएनएसआय’ या नावाशी सहज मिसळे, म्हणून अंकापूर्वी टिंब घालण्यात आले. या संकेतनाचा गाभा म्हणजे त्यातील माहितीप्रकार होत. एखादे मूल्य पूर्णांक आहे, तर्कमूल्य आहे, अक्षरांची माला आहे की अनेक मूल्यांची जुडी आहे, हे आधी ठरविले म्हणजे ते तारेवरून कसे पाठवावयाचे याचा विचार स्वतंत्रपणे करता येतो. भ्रमणध्वनीचे जाळे, आंतरजालावरील सुरक्षित व्यवहार व अंकीय स्वाक्षरी या सर्वांच्या मुळाशी हे माहितीप्रकार आहेत. त्यांच्या इतिहासात व्याख्येतील लहानशा निवडीचे दूरगामी परिणाम वारंवार दिसून येतात.

पार्श्वभूमी : संगणकाच्या स्मृतीत केवळ शून्य व एक या अंकांच्या, म्हणजे बिटांच्या, रांगा असतात. त्या रांगेला अर्थ येतो तो वाचणाऱ्याच्या संकेतामुळे. १९६० ते १९८० या काळात निरनिराळ्या यंत्रांचे हे संकेत एकमेकांशी जुळत नसत. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या १९६४ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेत आठ बिटांचा बाइट व ३२ बिटांचा शब्द होता. सीडीसी ६६०० या यंत्रात शब्द ६० बिटांचा, तर पीडीपी-१० मध्ये तो ३६ बिटांचा होता. रोमन ‘ए’ हे अक्षर ॲस्की संकेतात ६५ या संख्येने, तर आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात १९३ या संख्येने दर्शविले जाई. ऋण संख्या लिहिण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या होत्या. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी ठेवीत, तर पीडीपी-११ सारखी यंत्रे लहान भाग आधी ठेवीत. यंत्र एकाकी होते तोपर्यंत यात अडचण नव्हती. जाळ्यांनी यंत्रे जोडली जाऊ लागताच मात्र एकाने पाठविलेली संख्या दुसऱ्याकडे भलत्याच मूल्याने वाचली जाण्याचा धोका निर्माण झाला.

माहितीचे वर्णन प्रत्यक्ष माहितीपासून वेगळे काढण्याची कल्पना आज्ञावली-भाषांमध्ये आधीच रुजली होती. १९६० मध्ये सिद्ध झालेल्या कोबोल भाषेत प्रत्येक नोंदीतील रकान्यांचे वर्णन करणारा स्वतंत्र विभाग असे. निक्लाउस विर्ट यांच्या पास्कल भाषेने (१९७०) वापरणाऱ्याला स्वतःचे प्रकार रचण्याची मोकळीक दिली. सी. ए. आर. होअर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीरचनेवरील निबंधात या विचाराला गणिती बैठक दिली. मोजक्या साध्या प्रकारांपासून गुणन, विकल्प व पुनरावृत्ती अशा क्रियांनी हवा तेवढा गुंतागुंतीचा प्रकार बांधता येतो, हे त्यांनी दाखविले. एएसएन.१ मधील संयुक्त प्रकारांत याच क्रिया आढळतात.

उदय : जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीला प्रकारांची शिस्त लावण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न जेम्स ई. व्हाइट यांनी १९७६ मध्ये आर्पानेटसाठी लिहिलेल्या टिपणात आढळतो. दूरच्या यंत्रावरील कार्यपद्धती हाक मारल्याप्रमाणे वापरता यावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यासाठी तर्कमूल्य, पूर्णांक, बिटमाला, अक्षरमाला व यादी असे प्रकार त्यांनी ठरवून दिले होते. पुढे झेरॉक्स कंपनीच्या ‘कुरिअर’ या १९८१ च्या संकेतप्रणालीत अशा प्रकारांचे अधिक पद्धतशीर संकेतन आले.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समिती, म्हणजे सीसीआयटीटी, संगणकीय टपालासाठी एक्स.४०० ही शिफारसमाला तयार करीत होती. पत्राला प्रेषक, अनेक प्राप्तकर्ते, विषय, दिनांक, मजकूर असे घटक असतात. त्यांतील काही अनिवार्य, तर काही ऐच्छिक असतात. अशा पत्राचे अष्टकागणिक (आठ बिटांच्या गटाला अष्टक म्हणतात) वर्णन कोष्टकांनी करणे अशक्यप्राय झाले होते. त्यामुळे १९८४ मध्ये एक्स.४०९ ही स्वतंत्र शिफारस संमत झाली. तिच्यात कुरिअरच्या धर्तीवरील संकेतन व त्याचे अष्टकांत रूपांतर करण्याचे नियम एकत्र दिलेले होते. हे संकेतन टपालापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही हे लवकरच ध्यानात आले. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८७ मध्ये त्याचे दोन भाग केले : ८८२४ या मानकात संकेतन व ८८२५ या मानकात संकेतीकरणाचे नियम. सीसीआयटीटीने १९८८ मध्ये हेच विभाजन एक्स.२०८ व एक्स.२०९ या शिफारशींद्वारे स्वीकारले.

हे विभाजन वरवर कार्यालयीन सोयीचे वाटते. पण त्यामागे मूलभूत विचार होता. ‘काय सांगावयाचे’ आणि ‘ते कोणत्या अष्टकांत सांगावयाचे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असे त्याने मान्य केले. त्यामुळेच पुढील काळात प्रकारांची व्याख्या न बदलता संकेतीकरणाच्या नव्या पद्धती निर्माण करता आल्या.

साधे प्रकार : ज्यांचे आणखी घटक पाडता येत नाहीत ते साधे प्रकार होत. ‘बुलियन’ हा खरे-खोटे दर्शविणारा प्रकार, ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक, ‘बिट स्ट्रिंग’ म्हणजे बिटमाला, ‘ऑक्टेट स्ट्रिंग’ म्हणजे अष्टकमाला व ‘नल’ म्हणजे रिक्त मूल्य हे मूळचे प्रकार आहेत. यांतील पूर्णांकाला आकाराची मर्यादा नाही, ही लक्षणीय गोष्ट होय. यंत्राचा शब्द १६ बिटांचा असो वा ६४ बिटांचा, गणितातील पूर्णांक तोच असतो, अशी यामागील भूमिका आहे. शेकडो अंकी संख्यांवर आधारलेल्या सार्वजनिक किल्लीच्या गुप्तलेखनाला ही भूमिका पुढे फार उपयोगी पडली. वास्तव संख्यांसाठीचा ‘रिअल’ व नामांकित पर्यायांची यादी देणारा ‘एन्यूमरेटेड’ हे प्रकार सुरुवातीस नव्हते; ते नंतर समाविष्ट झाले.

‘ऑब्जेक्ट आयडेंटिफायर’ म्हणजे वस्तुओळख हा प्रकार या संकेतनाचे वैशिष्ट्य म्हणता येईल. जगातील कोणत्याही संकल्पनेला, मग ती गणनरीती असो, मानक असो वा संस्था, एकमेव संख्यामाला देण्याची ही व्यवस्था आहे. वंशवृक्षाप्रमाणे मुळापासून फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीचा धनी आपल्याखालील क्रमांक वाटतो. त्यामुळे मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाविनाही दोन वस्तूंना एकच क्रमांक मिळत नाही. भारताचा देशक्रमांक ३५६ असल्यामुळे भारतातील अंकीय स्वाक्षरीच्या व्यवस्थेची वस्तुओळख २.१६.३५६.१०० अशी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आल्यावर प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकाचे पद निर्माण झाले, त्या नियंत्रकाच्या अखत्यारीत ही फांदी येते. भारतात दिल्या जाणाऱ्या अंकीय स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांत ती आढळते.

संयुक्त प्रकार : ‘सीक्वेन्स’ हा ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या भिन्न प्रकारच्या घटकांची जुडी दर्शवितो, तर ‘सेट’ मध्ये क्रमाला महत्त्व नसते. ‘सीक्वेन्स ऑफ’ व ‘सेट ऑफ’ या रूपांनी एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांची यादी सांगता येते. ‘चॉइस’ हा विकल्पप्रकार असून दिलेल्या पर्यायांपैकी नेमका एक निवडला जातो. जुडीतील घटक ऐच्छिक ठरविता येतो किंवा त्याला गृहीत मूल्य देता येते. प्रकारांवर मर्यादाही घालता येतात, उदा., पूर्णांक ० ते ७ या टप्प्यातलाच असावा, किंवा मालेची लांबी ६४ पेक्षा जास्त नसावी.

संकेतीकरण : मूळ संकेतीकरण नियमांनुसार प्रत्येक मूल्य खूण, लांबी व आशय या तीन भागांत लिहितात. खुणेवरून प्रकार कळतो, लांबीवरून पुढे किती अष्टके वाचावयाची ते समजते. तर्कमूल्याची खूण १, पूर्णांकाची २, बिटमालेची ३, अष्टकमालेची ४, वस्तुओळखीची ६ व क्रमबद्ध जुडीची १६ आहे. पूर्णांक ५ हा षोडशमान पद्धतीत ‘०२ ०१ ०५’ असा लिहिला जातो : खूण दोन, लांबी एक, आशय पाच. १२८ ही संख्या मात्र ‘०२ ०२ ०० ८०’ अशी चार अष्टके घेते, कारण आशयातील पहिला बिट संख्येचे चिन्ह दर्शवितो. आधीचे शून्य अष्टक गाळल्यास तोच आशय उणे १२८ असा वाचला जाईल. क्रमांक ५ व ‘खरे’ हे तर्कमूल्य यांची जुडी या पद्धतीने आठ अष्टकांत मावते : जुडीची खूण व लांबी यांची दोन आणि प्रत्येक घटकाची तीन.

मूळ नियमांत एकच मूल्य अनेक रीतींनी लिहिण्याची मुभा होती, उदा., ‘खरे’ हे मूल्य शून्याव्यतिरिक्त कोणत्याही अष्टकाने दाखविता येई. अंकीय स्वाक्षरीला हे चालत नाही, कारण स्वाक्षरी अष्टकांवर केली जाते आणि एक बिट बदलला तरी ती खोटी ठरते. म्हणून मूल्यागणिक एकच रूप मान्य करणारे काटेकोर नियम पुढे आले. प्रमाणपत्रांचे स्वरूप ठरविणाऱ्या एक्स.५०९ या १९८८ च्या शिफारशीशी ते निगडित आहेत.

१९९४ मधील सुधारित आवृत्तीत, म्हणजे एक्स.६८० मालेत, संकेतन बरेच नेटके झाले. गोंधळ माजविणारी जुनी मॅक्रो-पद्धत काढून टाकण्यात आली, घटकांना आपोआप खुणा देण्याची सोय झाली आणि संक्षिप्त संकेतीकरणाचे नियम आले. या नियमांत दोन्ही बाजूंना व्याख्या ठाऊक असल्याचे गृहीत धरून खुणा पाठविल्याच जात नाहीत. वरील जुडीतील क्रमांक ० ते ७ या मर्यादेतला असेल, तर त्याला तीन बिट व तर्कमूल्याला एक बिट पुरतो. आठ अष्टकांचा मजकूर एका अष्टकात मावतो. रेडिओलहरींचा पट्टा महाग असल्यामुळे तिसऱ्या व त्यापुढील पिढ्यांच्या भ्रमणध्वनी जाळ्यांनी हीच पद्धत स्वीकारली.

अक्षरमालांचा प्रश्न : या प्रकारांच्या इतिहासातील सर्वांत किचकट भाग अक्षरमालांचा आहे. १९८४ मध्ये जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेत उपलब्ध नव्हता, म्हणून निरनिराळ्या दूरसंचार सेवांचे अक्षरसंच तसेच घेण्यात आले. ‘न्यूमरिक स्ट्रिंग’ मध्ये केवळ अंक व मोकळी जागा, तर ‘प्रिंटेबल स्ट्रिंग’ मध्ये रोमन अक्षरे, अंक व थोडी विरामचिन्हे बसतात. इलेक्ट्रॉनिक टपालाच्या पत्त्यातील ‘@’ हे चिन्हही त्यात नाही. त्यामुळे असे पत्ते ‘आयए५ स्ट्रिंग’ या प्रकारात लिहावे लागतात. या दोन्ही प्रकारांत देवनागरी लिहिता येत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रातील व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव रोमन लिपीत उतरवून घेण्याची रूढी पडली.

युनिकोड संकेत आल्यावर १९९४ च्या आवृत्तीत प्रत्येक वर्णाला दोन अष्टके देणारा ‘बीएमपी स्ट्रिंग’ हा प्रकार आला व काही वर्षांनी ‘यूटीएफ८ स्ट्रिंग’ हा प्रकार रिकाम्या असलेल्या १२ या खुणेवर समाविष्ट झाला. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ व वेलांटी अशा पाच संकेतांचा असून यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन अष्टके लागतात. म्हणून खूण व लांबी धरून तो १७ अष्टकांत मावतो. आंतरजालाच्या मानकांचे काम पाहणाऱ्या इंटरनेट एंजिनिअरिंग टास्क फोर्सने १९९९ मध्ये, २००३ नंतरच्या प्रमाणपत्रांत काही अपवाद वगळता हाच प्रकार वापरावा असा नियम केला. तथापि २००८ च्या नियमावलीत प्रिंटेबल स्ट्रिंगलाही पुन्हा मुभा द्यावी लागली. एकदा रुजलेला प्रकार मागे घेणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

निवडीचे परिणाम : कालदर्शक ‘यूटीसी टाइम’ या प्रकारात वर्षाचे दोनच अंक लिहिले जातात. शतक बदलण्याची वेळ आली तेव्हा ‘०१’ म्हणजे १९०१ की २००१, असा प्रश्न उभा राहिला. १९९९ च्या वर उल्लेखिलेल्या नियमानुसार ५० व त्यापुढील आकडे विसाव्या शतकातील आणि ५० पेक्षा कमी आकडे एकविसाव्या शतकातील मानावयाचे ठरले. २०५० व त्यापुढील दिनांकांसाठी चार अंकी वर्ष असलेला ‘जनरलाइज्ड टाइम’ हा प्रकार वापरावा लागतो. म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला दोन्ही प्रकार समजणे भाग पडले आहे.

जाळ्यांवर देखरेख करणाऱ्या एसएनएमपी या १९८८ च्या प्रणालीने सुटसुटीतपणासाठी एएसएन.१ मधील मोजकेच प्रकार घेतले व स्वतःचा ३२ बिटांचा गणकप्रकार जोडला. तो ४,२९,४९,६७,२९५ या आकड्यानंतर पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला एक कोटी बिट वेगाची वाहिनी पूर्ण भरून वाहत असता अष्टके मोजणारा असा गणक ५७ मिनिटांनी, तर शंभर कोटी बिट वेगाला ३४ सेकंदांनी उलटतो. त्यामुळे तासातून एकदा गणक पाहणाऱ्याला खरी वाहतूक कळेना. म्हणून १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ६४ बिटांचा गणक आणावा लागला.

याहून गंभीर दोष प्रकार वाचणाऱ्या आज्ञावल्यांत आढळले. फिनलंडमधील औलू विद्यापीठातील संशोधकांनी एसएनएमपीच्या संदेशांत हेतुपुरस्सर चुकीच्या लांबी व खुणा घालून अनेक उत्पादकांच्या उपकरणांची परीक्षा घेतली. त्यांतील कित्येक बंद पडली. फेब्रुवारी २००२ मध्ये याविषयी जागतिक इशारा देण्यात आला. संदेशात लिहिलेल्या लांबीवर पडताळणी न करता विश्वास ठेवणे, हे अशा दोषांचे एक मुख्य कारण होते.

२००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक व डॅन कॅमिन्स्की यांनी वेगळ्या धर्तीची फसगत उघडकीस आणली. एएसएन.१ मध्ये मालेची लांबी आधी सांगितलेली असते. सी भाषेत मात्र शून्य अष्टक आले की माला संपली असे मानतात. प्रमाणपत्रातील नावात एखाद्या प्रतिष्ठित संस्थेचे नाव, मग शून्य अष्टक व त्यापुढे स्वतःचे नाव असे लिहिले, तर प्रमाणपत्र देणारा संपूर्ण नाव वाचून त्याच्या अखेरच्या भागाची मालकी तपासी. ग्राहकाची आज्ञावली मात्र पहिलाच भाग वाचून थांबे. दोघांनी तीच अष्टके वाचली, पण त्यांचा प्रकार वेगळा मानला, हा या फसगतीचा गाभा होय.

२०१९ च्या आरंभी उघडकीस आलेला दोष पूर्णांकाच्या चिन्हाशी संबंधित होता. प्रमाणपत्राचा अनुक्रमांक अंदाजाने ओळखता येऊ नये म्हणून त्यात किमान ६४ यादृच्छिक बिट असावेत, असा नियम २०१६ पासून लागू होता. अनेक प्रमाणन संस्थांची आज्ञावली आठ अष्टकांचा अनुक्रमांक निर्माण करी. परंतु अनुक्रमांक धन असावा लागतो व पूर्णांकाचा पहिला बिट चिन्हाचा असतो. म्हणून तो सदैव शून्य राही आणि यादृच्छिक बिट ६३ च उरत. प्रत्यक्ष धोका नगण्य असला, तरी नियमभंग झाला असल्याने लक्षावधी प्रमाणपत्रे बदलून द्यावी लागली.

उत्तरकाळ व मूल्यमापन : आंतरजालाच्या प्रसाराबरोबर मानवाला वाचता येणारी संकेतने पुढे आली. एक्सएमएल (१९९८) या भाषेसाठी २००१ मध्ये प्रकारांची सविस्तर पद्धत सिद्ध झाली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुरस्कारलेल्या जेसन या संकेतनाने उलट मार्ग धरला : अक्षरमाला, संख्या, तर्कमूल्य, रिक्त मूल्य, यादी व नामयुक्त जुडी एवढेच सहा प्रकार. या साधेपणामुळे ते सर्वत्र पसरले. परंतु त्यात पूर्णांक व वास्तव संख्या यांत भेद नाही आणि दिनांकासाठी प्रकारच नाही. अनेक आज्ञावल्या जेसनमधील संख्या द्विमान चल-बिंदू रूपात ठेवतात. त्यामुळे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येपलीकडील प्रत्येक पूर्णांक अचूक राहील याची खात्री देता येत नाही. मोठे अनुक्रमांक संख्या असूनही अक्षरमाला म्हणून पाठविण्याची पद्धत यातूनच पडली.

एएसएन.१ वर क्लिष्टतेचा आक्षेप प्रारंभापासून घेतला जातो व तो निराधार नाही. प्रकारांची संख्या, विशेषतः अक्षरमालांची, गरजेपेक्षा मोठी आहे. एकाच व्याख्येसाठी अनेक संकेतीकरणे असल्याने वाचक-आज्ञावल्या लिहिणे जिकिरीचे होते. तथापि व्याख्या व संकेतीकरण यांची मूळची फारकत टिकाऊ ठरली आहे. १९८० नंतरच्या दशकात रचलेल्या व्याख्या २००१ नंतर एक्सएमएलच्या रूपात व २०१७ च्या एक्स.६९७ या शिफारशीनुसार जेसनच्या रूपातही व्यक्त करता येऊ लागल्या. ज्या संगणकीय टपालासाठी हे संकेतन जन्मले ते एक्स.४०० टपाल सार्वजनिक वापरातून जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्याच्यासाठी ठरविलेल्या पूर्णांकाच्या, जुडीच्या व विकल्पाच्या व्याख्या मात्र दूरध्वनीच्या जाळ्यात आणि अंकीय स्वाक्षरीच्या प्रमाणपत्रांत आजही चालू आहेत. [⟶ संगणक, दूरसंचार, गुप्तलेखन].